तलाठ्याच्या हातात नेमकं काय असतं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: माझी तलाठी, म्हणजे २०२४ पासूनच्या नावानं ग्राम महसूल अधिकारी, या पदावर निवड झाली आहे. शिक्षण इंजिनिअरिंगचं, घरात आजवर कुणी सरकारी नोकरीत नाही. एक काका म्हणतात, सगळं ऑनलाइन झालं, तलाठ्याला आता काम उरलं नाही. गावाकडचे मामा म्हणतात, गावात तलाठी म्हणजे राजा. लोकांशी रोज समोरासमोर गाठ पडणार आहे. तर या पदाला खरे अधिकार किती, लोक एवढे चिडलेले का असतात, आणि काम नीट करायचं तर काय सांभाळायचं?

तलाठी, मंडळ अधिकारी आणि शेवटची काही वर्षं नायब तहसीलदार, अशी माझी सगळी नोकरी महसुलात गेली. त्यावरून सांगते. तुमच्या काकांनी वारस नोंदीसाठी कधी हेलपाटे घातलेले दिसत नाहीत, आणि मामांनी मार्चअखेरच्या वसुली बैठकीत तलाठ्याला उभं करून झाडताना पाहिलेलं दिसत नाही.

निर्णय म्हणावेत असे अधिकार तलाठ्याला जवळजवळ नाहीत. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला हक्काचा बदल, प्रमाणित करतात मंडळ अधिकारी, ज्यांना गावात अजून सर्कल म्हणतात. वाटप, रस्त्याची केस, लेखनप्रमादाची दुरुस्ती तहसीलदारांकडे. त्यावरचं अपील प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. दाखल्यावर सही तहसील कार्यालयातली. पण यातला एकही कागद तलाठ्यानं काहीतरी लिहिल्याशिवाय पुढे सरकत नाही. काय लिहायचं, कधी लिहायचं, आणि काहीच न लिहिता माणसाला किती फेऱ्या मारायला लावायच्या, एवढं त्याच्या हातात असतं आणि ते फार असतं. गावात ज्याला तलाठ्याचा त्रास म्हणतात तो क्वचितच चुकीच्या नोंदीचा असतो. चुकीची नोंद झाली तर दाद मागता येते. ‘बघू’, ‘करू’, ‘साइट बंद आहे’, ‘पुढच्या बुधवारी या’ यांतल्या कशावरही अपील करता येत नाही. लोक चिडतात ते इथे.

फेरफारापासून सुरुवात करू, कारण तुमचा निम्मा दिवस त्यातच जाणार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १४९ नुसार खरेदी, वारसा, वाटणी अशा कुठल्याही मार्गानं जमिनीत हक्क मिळाला की त्या माणसानं तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी द्यायची. दस्त नोंदणीकृत असेल तर वेगळी वर्दी लागत नाही, दुय्यम निबंधकांकडून माहिती येते. आता ती ई-फेरफारमध्ये थेट तुमच्या लॉगिनला दिसते. तुम्ही नोंद धरायची, ज्यांचा संबंध आहे त्या सगळ्यांना नमुना ९ ची नोटीस काढायची, चावडीवर प्रत लावायची. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत नाही आली तर सर्कल कागद तपासून नोंद प्रमाणित करतात. आली तर गाव नमुना ६-अ म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत ती चढते आणि सुनावणी लागते. सुनावणी तुमच्याकडे नाही.

आता यात बारकाईनं वाचण्यासारख्या दोन जागा आहेत. वर्दी आली की तलाठ्यानं लगेच लेखी पोच द्यायची, असं कलम १४९ सांगतं. आणि कलम १५० च्या तिसऱ्या पोटकलमात, हरकत तोंडी घेतली तरी ती नोंदवहीत लिहायची आणि हरकतदाराला ताबडतोब लेखी पोच द्यायची, असं आहे. म्हणजे एखादी म्हातारी काठी टेकत येऊन ‘माझी सही न्हाई त्या कागदावर, माझं नाव काढू नका’ एवढंच म्हणाली, तरी ती हरकत झाली. तिला ‘अर्ज लिहून आणा’ म्हणून परत पाठवायचा अधिकार तुम्हाला नाही. मी किती तरी सज्जे (एका तलाठ्याकडची गावं आणि त्यांचं कार्यालय) तपासले असतील. ही पोच नियमानं देणारे तलाठी मोजके दिसले. कारण उघड आहे. पोच दिली की तारीख पडते. तारीख पडली की दिवस मोजता येतात, आणि दिवस मोजता आले की कुणीतरी विचारतं.

लोकसेवा हक्क अधिनियमाचं नेमकं हेच झालं. २०१५ चा कायदा चांगला आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यायची, नाही दिली तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग; सबळ कारणाशिवाय टाळाटाळ केली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पण मुदतीचं घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होतं. म्हणून मग ‘आधी कागद पूर्ण करा, मग अर्ज घेतो’. कागद कधीच पूर्ण होत नाहीत. एक दिला की दुसरा आठवतो. तुम्ही काय कराल ते सांगते: अर्ज घ्या, पोच द्या, आणि त्या पोचेवरच लिहा की अमुक अमुक कागद कमी आहे. सगळे कमी कागद एकाच वेळी लिहा. पहिल्या महिन्यात जड जाईल. नंतर तुमच्या दाराशी उभ्या राहणाऱ्यांची संख्या कमी झालेली दिसेल, कारण त्यातले बरेच जण फक्त ‘माझं कुठवर आलं’ एवढंच विचारायला आलेले असतात.

वारस नोंदीबद्दल जरा सविस्तर लिहिते. कायदा, भावकी आणि तलाठ्याची लेखणी सगळ्यात जास्त इथेच एकमेकांना भिडतात.

माणूस गेला, दिवस-तेरावं झालं, की मुलं मृत्यूचा दाखला, आठ-अ म्हणजे खात्याचा उतारा आणि वारसांचं शपथपत्र घेऊन येतात. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात असेच तिघे भाऊ आले. शपथपत्रात तिघांची आणि आईची नावं. कागद स्वच्छ, नोटरीचा शिक्का. मी विचारलं, ‘बहीण किती?’ थोरला म्हणाला, ‘मॅडम, नाव लावून काय करायचंय? दिल्या घरी सुखी हायेत.’ किती आहेत ते त्यानं सांगितलंच नाही. आमचे कोतवाल दाराशी उभे होते, ते नंतर हळूच म्हणाले, ‘दोघी हायेत. धाकटी बार्शीला दिलीय.’ दोघींची नावं वारसांत धरली, दोघींना नोटीस गेली. त्यानंतर गावात आठवडाभर माझ्याविषयी काय बोललं गेलं ते लिहायला नको.

यात शूरपणा काही नव्हता, कायदा तसाच आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ पासून मुलगी पहिल्या वर्गातली वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीतला जन्मानं येणारा हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, केंद्रानं २००५ मध्ये दिला, आणि २००५ ला वडील हयात असोत-नसोत तो लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. तरी जुन्या सातबाऱ्यांवर बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकलेली सापडतील, जणू त्या जमिनीवरचा बोजा आहेत. ‘ए.कु.मॅ.’ असा शेरा सापडेल: एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव, बाकीचे वारस कागदावर नाहीतच. मॅनेजर जातो, त्याची मुलं आपापली नावं लावून घेतात आणि चुलते हवेत राहतात. असल्या नोंदी त्या त्या वेळच्या तलाठ्यानं कुणाचं तरी ऐकून, सोयीसाठी, भांडण नको म्हणून केलेल्या असतात. त्यातली भांडणं आज दिवाणी कोर्टात चालू आहेत.

बहिणीला हक्क सोडायचा असेल तर तो तिचा प्रश्न. पण आधी तिचं नाव लागायला हवं आणि मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र व्हायला हवं. नुसत्या स्टॅम्पपेपरवर ‘मला काही नको’ असं लिहून अंगठा घेतलेला कागद तुमच्यासमोर येईल. तो घेऊन नाव वगळायचं नाही. वर सांगितलेल्या दोघींनी पुढे हक्कसोड केली की वाटणी मागितली, हे विचारायचं मला कारण नव्हतं, तुम्हालाही नसावं. भावाबहिणीत न्याय करायला आपल्याला नेमलेलं नाही. जी वारस आहे ती कागदावर आली पाहिजे आणि तिला कळलं पाहिजे, एवढंच आपलं काम. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली, मयत खातेदारांची नावं कमी करून वारस लावायला. मोहिमेत आकड्यांची घाई असते; वरून रोज व्हॉट्सअॅपवर तक्ता मागतात. त्या घाईत एखादं नाव गळलं तर तक्ता भरतो, पण गळलेलं नाव पुन्हा लावून घ्यायला त्या बाईला वकील लागतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. सातबारा म्हणजे मालकीचा शेवटचा शब्द, असं गावात मानतात. कलम १५७ एवढंच म्हणतं की अधिकार अभिलेखातली आणि प्रमाणित फेरफारातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरायची. म्हणून भांडणात ‘भाऊसाहेब, तुम्हीच सांगा जमीन कोणाची’ असं विचारतील तेव्हा मत देऊ नका. चहा पिता पिता दिलेलं मत दुसऱ्या दिवशी ‘तलाठ्यानं सांगितलंय’ होऊन बांधावर पोचतं आणि तिथे कुऱ्हाडी निघतात.

आता पंचनामा. अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस. नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर मदत. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषानं जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालतं किंवा मर्यादा बदलतं. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी मिळून बांधावर जाऊन पंचनामा करायचा असतो.

बांधावर उभं राहिलं की ३३ हा आकडा किती विचित्र आहे ते कळतं. सोयाबीन काढणीला आलेलं, शेंगा काळ्या पडलेल्या, काही शेंगांतून कोंब फुटलेले. शेताच्या वरच्या अंगाला पीक उभं आहे, खालच्या अंगाला गुडघाभर पाणी. टक्के किती? तीस लिहिलं तर शून्य रुपये, पस्तीस लिहिलं तर पूर्ण मदत. मध्ये काही नाही. मोजायला हातात काही साधन नाही, डोळ्यांचा अंदाज आहे. शेतकरी बोलत नाही, तुमच्या पेनाकडे बघत असतो. शेजारचा शेतकरी मात्र त्याच्या टक्क्याकडे बघत असतो.

अशा वेळी वरून दोन प्रकारचे निरोप येतात. एकदा येतो ‘सरसकट धरा’, एकदा येतो ‘आकडा फुगलाय, कमी करा’. दोन्ही तोंडी असतात, हे लक्षात ठेवा. मी एवढंच पाळत आले: शेतात गेल्याशिवाय आकडा नाही, रस्त्याकडेचं शेत बघून आतल्या दहा शेतांचे आकडे नाहीत, आणि तात्पुरती यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागल्याशिवाय वर जाणार नाही. यादी लावली की दोन दिवस शिव्या खाव्या लागतात. ज्याचं नाव नाही तो येतो, ज्याचं शेजाऱ्यापेक्षा क्षेत्र कमी लागलं तो येतो. पण त्या दोन दिवसांत खऱ्या चुका सापडतात. गट क्रमांक चुकलेला, बँकेचं खातं मयत भावाचं, असं बरंच. ‘टेबल पंचनामा’ म्हणजे सज्जावर बसून गाव नमुना १२ वरून, म्हणजे पिकांच्या नोंदवहीवरून, भरलेली यादी. ती निवांत होते, पण पैसे जमा व्हायला लागल्यावर लोक तहसीलवर मोर्चा आणतात आणि मग उत्तर द्यायला तुमच्याकडे काहीच नसतं.

याच्या पुढचा फेरा नवा आहे. यादी पोर्टलवर चढली की प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळतो आणि ज्याचा फार्मर आयडी झालेला नाही त्या शेतकऱ्यानं तो घेऊन सेतूत जाऊन आधार प्रमाणीकरण करायचं. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. एक भाऊ पुण्यात, एक सुरतेला, तिसऱ्याशी दहा वर्षं बोलणं नाही. मदत आठ-दहा हजारांची आणि संमतीसाठी तिघांची मनधरणी. हा नियम तुमच्या हातात नाही, पण कुणाचे पैसे कशामुळे अडकलेत ती यादी काढून नावापुढे कारण लिहून लावणं तुमच्या हातात आहे. ‘वरून आले नाहीत’ हे उत्तर देऊ नका. वर म्हणजे कुठे, हे त्या माणसाला माहीत नसतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण कोणत्याही प्रशिक्षणात कुणी सांगणार नाही म्हणून हे लिहिते. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये झाले. रोजगार हमीवर महिनाभर गेलेल्या आणि उरलेलं वर्ष खुरपणीला जाणाऱ्या विधवेचं उत्पन्नही खरं लिहिलं तर ही मर्यादा ओलांडतं. आणि तिला पेन्शनची गरज आहे, हे तिच्या घरात शिरल्याबरोबर दिसतं. मग चौकशी अहवालात तलाठी २०,००० लिहितो, पोलीस पाटील जबाब देतात, तहसीलदार दाखला देतात. लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्याला माहीत. मर्यादा ठरवली मुंबईत, खोटं लिहायची पाळी मात्र सज्जावरच्या माणसावर.

यावर मला साधं उत्तर कधी सापडलं नाही. पण एक पाहिलंय. गरीब बाईसाठी हात सैल सोडायची सवय लागली की महिन्याभरात ट्रॅक्टरवाल्याची आई येते, सरपंचांची चिठ्ठी घेऊन. मुलगा विभक्त आहे म्हणते. रेशनकार्ड वेगळं केलेलं असतं. तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणाल? म्हणून घरी जा. निराधाराच्या प्रत्येक अर्जासाठी घरी जाऊनच अहवाल लिहा, आणि आकड्याच्या आधी पाहिलेलं लिहा: घर कुडाचं की सिमेंटचं, जमीन किती, कमावतं कोण, दुभतं जनावर आहे का, मुलगा कुठे राहतो. वर्णन खरं असलं की आकड्यावर अर्ज मंजूर करणाऱ्या समितीत चर्चा तरी होते. नुसता आकडा असला की चिठ्ठी चालते.

पैशांबद्दल. तलाठी म्हटलं की लोकांच्या तोंडात पहिली ‘खर्चपाणी’ ही गोष्ट येते, आणि लाचलुचपत विभागाच्या सापळ्यांत महसूल खातं वर्षानुवर्षं वरच्या जागांवर असतं, तेव्हा लोकांचं काही चुकत नाही. नोंद करण्याचे पैसे फारसं कुणी देत नाही. ती कधीतरी होणारच हे त्याला माहीत असतं. तो पैसे देतो ते तारखेचे. म्हणजे विक्रीची वस्तू आपणच तयार करतो: आधी ताटकळत ठेवायचं, मग त्यातून सोडवायचं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवणाऱ्याला संरक्षण आहे. १०६४ हा लाचलुचपत विभागाचा क्रमांक कार्यालयात ठळक लावायचा असतो. तुमच्या आधीच्या माणसानं तो कपाटामागे लावलेला असला तर पुढे काढा.

पण मोहात पाडायला पाकीटच लागतं असं नाही. तुमच्या सज्जावर एक हुशार, लाघवी पोरगा आधीपासून असेल. कॉम्प्युटर येतो, प्रत्येक गट पाठ, कुणाची भाऊबंदकी कुठे ते माहीत, पगार कुठलाच नाही. गावात त्याला ‘झिरो तलाठी’ म्हणतात. अतिरिक्त पदभार असेल, दोन-तीन सज्जे सांभाळायचे असतील, तर तो देवासारखा वाटतो. तुमचं लॉगिन आणि डिजिटल स्वाक्षरीचं टोकन त्याच्या हातात गेलं की त्या गावचा तलाठी तो, आणि निलंबित होणार तुम्ही. तो पोट कशावर भरतो हा विचार पहिल्याच दिवशी करा.

कामाचा बोजा खरा आहे, त्यावर पांघरूण घालत नाही. मतदार यादी, निवडणूक, पीएम किसानची दुरुस्ती, वसुली, टंचाईचे अहवाल, शिवाय रात्री वाळूच्या गाड्या. गौण खनिजाच्या कारवाईत तलाठ्यांवर ट्रॅक्टर घातल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. एकटं जायचं नाही, पोलीस आणि पथकाशिवाय गाडी अडवायची नाही, वरिष्ठ फोनवर काहीही म्हणोत. बंदोबस्त मागितल्याचा मेसेज लेखी ठेवा. पण या धावपळीचा अर्थ सज्जाच्या दाराला कुलूप आणि त्यावर ‘मीटिंगला’ अशी चिठ्ठी, असा झाला की गाव पाठ फिरवतं. रोज बसणं जमत नाही, तर आठवड्याचा एक दिवस प्रत्येक गावाला द्या, फलकावर लिहा आणि तो दिवस मोडू नका. बाजाराचा दिवस टाळा किंवा मुद्दाम तोच घ्या, गाव बघून ठरवा. आमच्याकडे एका गावात बाजाराच्याच दिवशी बायका घराबाहेर पडायच्या; तो वार धरल्यावर पहिल्यांदा त्या स्वतःच्या नावाचे कागद घेऊन यायला लागल्या.

काकांचं ऑनलाइनचं म्हणणं पूर्ण खोडून काढणार नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर निघतो, त्यासाठी कुणापुढे उभं राहावं लागत नाही. फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’वर कुणालाही वाचता येते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपलं पीक स्वतः नोंदवतो. १९५० च्या कायद्यानं कुलकर्णी वतनं गेली तरी गावाचं दप्तर एकाच माणसाच्या घरात असायची सवय पुढे कितीतरी वर्षं चालली; ती खरी मोडली ती संगणकानं, असं माझं मत आहे. मात्र हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना ज्या चुका राहिल्या त्या आता तुमच्या वाट्याला येणार आहेत. नाव ‘पांडुरंग’चं ‘पाडुरंग’ झालेलं, क्षेत्रात दोन गुंठे कमी, एखादा वारस उतरवताना सुटलेला. दुरुस्तीचा आदेश कलम १५५ खाली तहसीलदार काढतात, पण त्यासाठी जुन्या हस्तलिखिताशी ताडून अहवाल तुम्हीच द्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे. ते सहा महिने पडून राहतं कारण रेकॉर्ड रूममध्ये धुळीत हात घालायला कुणाला नको असतं.

नाही म्हणायची वेळ रोज येईल. नाही म्हणताना पुढचं दार दाखवा. ‘हे माझ्याकडे नाही’ एवढ्यावर माणूस जात नाही, त्याला वाटतं आपल्याला टाळलं. वाटप हवंय, सगळ्यांची संमती आहे: कलम ८५, तहसीलदार. बांधावरचा रस्ता अडवलाय: मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा. रस्ता मुळातच नव्हता, नव्यानं हवाय: संहितेचं कलम १४३. नोंद प्रमाणित झाली आणि मान्य नाही: कलम २४७ खाली प्रांतांकडे अपील. हे चार-पाच कलमांचे पत्ते छोट्या चिठ्ठ्यांवर छापून टेबलावर ठेवा आणि हातात द्या. सहा महिन्यांची ती मुदत नुसतं तोंडी ‘बघू’ ऐकत कितीतरी जणांनी घालवलेली मी पाहिलीय. मग तहसीलदारांच्या हातातही काही राहत नाही.

बोलण्याचं म्हणाल तर फार शिकवण्यासारखं नाही. वयस्कर माणसाला खुर्ची द्या. गावात कुणी तुम्हाला भाऊसाहेब म्हणेल, कुणी आप्पा. तुम्ही पंचवीस वर्षांचे आणि म्हणणारा सत्तरीचा असेल. हुरळून जाऊ नका आणि त्याला अरे-तुरे तर कधीच करू नका. मोबाइलमध्ये बघत उत्तर देऊ नका. आणि सरपंच, सोसायटीचे चेअरमन आले म्हणून आधीपासून उभ्या असलेल्या माणसाला ‘जरा थांब’ म्हणू नका. हे एक पाळलं तरी पहिल्या वर्षात तुमच्याबद्दल गावात जे पसरायचं ते पसरतं.

२०२३ च्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते, म्हणजे तुम्ही किती अभ्यास करून इथवर आलात याची मला कल्पना आहे. त्या अभ्यासात नसलेलं पहिलं काम रुजू होताच करा. पदभार घेताना दप्तराची यादी गाव नमुन्यानिशी घ्या: १ ते २१ पैकी कोणते आहेत, कुठवर भरलेत, पावती पुस्तकं किती, वापरलेली किती, कोरी किती. प्रलंबित फेरफार आणि ६-अ मधल्या हरकतींची यादी आधीच्या तलाठ्याच्या सहीनं वेगळी मागा. ‘घ्या हो, सगळं सिस्टिमला दिसतंय’ असं म्हणतील. सिस्टिमला धरलेल्या नोंदी दिसतात. टेबलाच्या खणात महिनोन्‌महिने पडलेले, पोच न दिलेले अर्ज दिसत नाहीत. खण उघडा, अर्ज मोजा, प्रत्येकावर त्या दिवसाची तारीख टाका आणि ती संख्या चार्ज रिपोर्टमध्ये लिहा. एक प्रत सर्कलसाहेबांना द्या, एक स्वतःकडे ठेवा. मग त्या अर्जदारांना एकेक करून फोन करून बोलवा, सगळ्यात जुन्या अर्जापासून.